पिवळ्या रंगाखालची अक्षरं

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णन द्या, असं मराठीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा मी मागच्या बाकावर गप्प बसले. माझ्या मैत्रिणी महाबळेश्वरला, गोव्याला जाऊन आलेल्या होत्या. मी कवठे येमाईहून दौंडपर्यंत गेले आणि परत आले, तेही एका जुन्या व्हॅनमधून. एवढ्याला प्रवास म्हणावं का, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "काय झालं तेवढं लिही." म्हणून लिहिते. त्यातलं काही अजूनही मला नीट पचलेलं नाही, ते तसंच लिहिते.

कवठ्याहून

आमचं घर मेंढपाळांचं. आता कवठ्याला थोडी जमीन आहे, ती आबा, म्हणजे माझे वडील बघतात. पण दिवाळी झाली की माझा दादा आणि वहिनी अजूनही मेंढरं घेऊन भीमेच्या काठाकडे उतरतात. तिकडे ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची त्याच्या शेताला खत मिळतं आणि आपल्याला धान्य. जाळी लावून मेंढरं कोंडतात, शेजारी चूल मांडतात, त्याला आम्ही वाडा म्हणतो. दोन-चार दिवसांनी वाडा उठतो आणि पुढच्या शेतात जातो.

हे सगळं सामान, कोंबड्या आणि ज्यांना अजून चालता येत नाही अशी कोकरं आमची हरणी नावाची घोडी वाहायची. ती उन्हाळ्यात म्हातारी होऊन गेली. त्याच सुमाराला वहिनीला दिवस गेले. आधीच्या खेपेला वहिनी मेंढरांमागे चालत होती आणि मूल पोटातच गेलं होतं. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. पण या वेळी आई म्हणाली, "पोरीला नववा लागायच्या आत घरी आणायची. एस्टीत उभी राहून न्हाई, निजवून आणायची."

म्हणून सोपानमामानं गाडी आणली. सोपानमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा. एका नगरपालिकेनं मोडीत काढलेली ही व्हॅन त्यानं लिलावातून घेतली. "दवाखान्याची गाडी होती, आक्का," तो आईला म्हणाला. पाबळला वेल्डिंग शिकलेल्या त्याच्या एका मित्रानं आत कोकरांसाठी पिंजरा बसवला, भांड्यांना फळी मारली, वर कोंबड्यांचा डालगा टांगायला कड्या लावल्या. खाली मधोमध दोन लांब लोखंडी पट्ट्या आधीपासूनच होत्या. मामानं त्यांवर खाट ठेवली. "बघ, आयत्या मापाच्या हायेत," तो म्हणाला. आई खूश झाली. मीही त्या खाटेवर आडवी होऊन पाहिलं.

बाहेरून पिवळा रंग दिला होता, एकच हात.

जुनी गाडी पाळणं म्हणजे जनावर पाळण्यासारखंच आहे, हे मला पहिल्या सकाळी कळलं. सेल्फ चालत नव्हता, म्हणून मामा गाडी कायम उतारावर लावायचा. हातब्रेक नव्हताच. चाकाखाली दगड, आणि त्यावरही विश्वास नाही म्हणून मागच्या बंपरला दोर बांधून तो खुंटीला अडकवलेला. दुसरा गिअर निसटायचा, तो गुडघ्यानं दाबून धरावा लागे. मागचं दार लोकरीच्या दोरीनं बांधलेलं. मामानं खुंटी सोडली, बॉनेटवर थाप मारली आणि हरणीला म्हणायचा तसंच म्हणाला, "चल गं बये." आई आणि मी ढकललं. गाडी खोकली आणि चालू झाली.

न्हावऱ्याच्या अलीकडे

मलठणमार्गे शिरूरपर्यंत काहीच झालं नाही. शिरूरला मामानं आम्हाला मिसळ खायला घातली. आईनं तर्रीवर पाव न घेता डब्यातली बाजरीची भाकरी कुस्करली. शेजारच्या टेबलावर माझ्याच कॉलेजची मुलं होती, मला जरा संकोच वाटला. मग आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो, आणि तिथून विचित्र प्रकार सुरू झाला.

रस्त्याकडेला उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. एरवी त्या कुणाला जागा देत नाहीत. मामानं भोंगा वाजवला. त्या भोंग्याचा आवाज लांबलचक आणि शेवटी खाली उतरत जाणारा होता. तो ऐकताच गाडीवानांनी भराभर बैल बाजूला घेतले. एकानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. पुढं एका घरासमोर खेळणाऱ्या पोरांना त्यांच्या आईनं दंडाला धरून आत ओढलं.

"या भागातली माणसं मान लई देत्यात," आई म्हणाली.

मामा गुडघ्यानं गिअर दाबत होता.

पुढे एक म्हातारी डोक्यावर बोरांची पाटी घेऊन बाजाराला चालली होती. आमच्याकडे मोकळी गाडी जाताना म्हाताऱ्या माणसाला न घेणं वाईट समजतात. आईनं मामाला थांबायला लावलं.

"बसा की आजी. न्हावऱ्यात सोडतो."

आजीनं गाडीकडे पाहिलं, मग आईकडे. ती दोन पावलं मागे सरली.

"नगं बाई. मला अजून येळ हाय."

"अहो, बाजार भरला असंल आता."

"भरू दे. तुम्ही व्हा म्होरं," असं म्हणून आजीनं आम्हाला हात जोडले.

आई गोंधळली. "कसली मानी म्हातारी," ती म्हणाली.

न्हावरं जवळ आलं तेव्हा बॉनेटमधून वाफ यायला लागली. एका हॉटेलसमोर मामानं गाडी थांबवली. रेडिएटर गळत होता, खाली थेंबथेंब पाणी. बाकड्यावर चहा पीत बसलेली माणसं एकदम उठून उभी राहिली. हॉटेलवाला बाहेर आला, त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हलक्या आवाजात आईला विचारलं,

"कुणाकडचं म्हणायचं?"

"कवठ्याचं," आई म्हणाली.

"वय काय व्हतं?"

"कुणाचं?"

"आत हायेत त्यांचं."

"आत कोंबड्या हायेत आन् पिठाचा डबा," आई म्हणाली. "वय कशाला इचारता?"

हॉटेलवाल्यानं मामाकडे पाहिलं. मामा बॉनेटमध्ये डोकं घालून बसला. मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. आतापर्यंत मी डाव्या बाजूनंच चढत-उतरत होते, ती बाजू मामानं घासून रंगवली होती. मी वळसा घालून उजव्या बाजूला गेले. तिकडे ऊन तिरपं पडलं होतं. पिवळ्या रंगाखाली जुन्या जाड रंगाची अक्षरं उठून दिसत होती, हाताच्या शिरांसारखी. मी ती वाचली. परत वाचली.

वैकुंठरथ.

माझ्यामागे हॉटेलवाला उभा होता. तो म्हणाला, "रंग बदलला म्हणून काय झालं, ताई? ह्या भोंग्यावर आमचं अर्धं गाव रडलंय. माझा थोरला भाऊ हिच्यातूनच आला."

मामानं मला गाडीमागे ओढलं. तो घामानं डबडबला होता.

"सुमे, आक्काला वाचता येत न्हाई. तू गप ऱ्हा."

"मामा, तू दवाखान्याची म्हणालास!"

"दवाखान्यातनंच निघायची की."

"वहिनीला यातून आणायचं?"

"दुसरी एवढी लांब गाडी नव्हती गं," मामा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "सगळ्या बघितल्या. एकीतबी तिला पाय पसरता आलं नसतं."

तेवढ्यात आई आली. "पाणी कशानं थांबतंय ते बघायचं सोडून काय कुजबुजताय?" मामा म्हणाला, हळद मिळाली तर टाकून बघू, बारीक भोक बुजतं. हॉटेलवाल्याकडची हळद संपली होती. आईनं कमरेची पिशवी सोडली. त्यात जेजुरीचा भंडारा होता, वाड्यावर पोचल्यावर वहिनीला लावायला आणलेला.

"आई, तो देवाचा आहे!" मी ओरडलेच.

"देव घोड्यावरच बसतो ना? मग घोड्याच्या पोटात गेला म्हण."

इंजिन निवल्यावर आईनं स्वतःच्या हातानं मूठभर भंडारा रेडिएटरमध्ये सोडला. थोड्या वेळानं गळणं खरंच थांबलं. बाकड्यावरची माणसं डोळे फाडून बघत होती. मीही. देवाचा भंडारा वैकुंठरथाच्या इंजिनात पाण्याबरोबर फिरत होता आणि ते आईला ठाऊक नव्हतं.

दौंडच्या अलीकडे, नदीकाठ

पारगावचा पूल ओलांडला की मुलूख बदलतो. आमच्याकडे हिवाळ्यातच माळ उघडे पडतात. इकडे दोन्ही बाजूंना ऊस, पाटाला पाणी, वाऱ्याला गुळाच्या गुऱ्हाळाचा वास. एरवी मी खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं असतं. त्या दिवशी मी फक्त आईच्या हाताकडे बघत होते. तिनं खाटेची उशी मांडीवर घेतली होती आणि वाटभर ती कापूस सारखा करत होती.

पाटस सोडून दौंडच्या अलीकडे आम्ही नदीकडे वळलो. वाडा काठच्या एका शेतात होता. घरी पाहुण्याला आधी पाणी देतात. वाड्यावर आधी कोकरू हातात देतात, कारण तिथं कुणाचेच हात मोकळे नसतात. दादानं मला एक धरायला दिलं. वहिनी चुलीपाशी होती. ती हसत, कमरेवर हात ठेवून उठली. तिनं आमच्यासाठी शेळीच्या चिकाचा खरवस राखून ठेवला होता. तो वाटीत घेऊन ती गाडीकडे आली, उजव्या बाजूनं.

ऊन उतरत होतं. वहिनी सातवी शिकलेली आहे. हे मामाच्या ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही.

वाटी तिच्या हातातून पडली नाही. तिनं ती हळूच बॉनेटवर ठेवली आणि एक हात पोटावर नेला.

"काय झालं गं?" आईनं विचारलं. वहिनी अक्षरांकडेच बघत राहिली. आईनं तिच्या नजरेच्या रोखानं गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुमे, काय लिवलंय तिथं?"

मामा मान हलवून मला नको म्हणत होता. मी आमच्या घरातली पहिली मुलगी कॉलेजात गेलेली. आई मला एस्टीच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, लग्नाच्या पत्रिका वाचायला लावते आणि मी वाचते ते खरं धरते. माझ्या हातात कोकरू होतं. मी त्याच्याकडे बघत म्हणाले, "वैकुंठरथ लिहिलंय. मढी न्यायची गाडी होती, आई."

दादा मामावर धावूनच गेला. "मामा, तुम्हाला काय माणुसकी हाय का न्हाई? हिला हिच्यात घालून न्यायची? गेल्या खेपेचं इसरला व्हय?" मामा उभ्याचा खाली बसला. आईनं मात्र गाडीभोवती फेरी मारली, अक्षरांवरून तळवा फिरवला, मागचं दार सोडून त्या दोन लोखंडी पट्ट्या पाहिल्या. मला वाटलं, आता ती इथंच मोठ्यानं रडणार.

"हरणी कुठनं आणली ठाऊक हाय का तुम्हाला?" तिनं विचारलं.

आम्हाला ठाऊक नव्हतं.

"तिच्या पहिल्या धन्याला घेऊन ती पुरात शिरली. ती निघाली, तो निघाला न्हाई. कुणी घेईना तिला. तुमच्या आबांनी घेतली."

हरणीच्या पाठीवर, कोकरांच्या पिशव्यांमध्ये बांधून मला मोठं केलंय. तिच्या आयाळीला धरून मी बसायला शिकले. माझी पहिली आठवणच तिच्या मानेच्या वासाची आहे.

"मग तुम्ही बसलात कशा तिच्यावर?" वहिनीनं विचारलं. तिचा आवाज त्या संध्याकाळी पहिल्यांदा फुटला.

"आधी कोकरं बसवली," आई म्हणाली. "नवं जनावर वाड्यात आलं की पहिल्या चालीला कोकरं. ती नीट उतरली तर माणूस. उद्या वाडा हलतोय ना? मग उद्याच बघू. न्हाई उतरली, तर मी स्वतः गाडी नदीत ढकलीन."

वाड्यावर मुक्काम कुठं, चाल कधी, हे बायाच ठरवतात. दादा धुसफुसत जाळी आवरायला गेला. खरवस मुंग्यांनी खाल्ला.

पहिली चाल

सकाळी मेंढरं पुढे निघाली आणि आईनं कोकरं गाडीत भरली. सगळ्यात आधी तिनं जे उचललं, ते रात्री जन्मलेलं, दूध ओढायला न शिकलेलं, मान टाकलेलं कोकरू होतं.

"आई, हे नको. हे तसंही—"

"हेच," आई म्हणाली आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं. "तू बस ह्याच्यासंगं."

मी मागे त्या दोन पट्ट्यांवरच्या खाटेवर बसले. वहिनी बांधावर उभी होती, ती चालत येणार होती. मामा ब्रेक, गिअर आणि गुडघा सांभाळत बैलगाडीच्या चाकोरीतून गाडी नेऊ लागला. प्रत्येक खड्ड्याला पिंजऱ्यातली कोकरं एकमेकांवर पडायची आणि ओरडायची. माझ्या मांडीवरचं ओरडत नव्हतं. मी ते पदराखाली घेतलं, त्याच्या नाकावर फुंकर मारली. अर्ध्या वाटेत त्याचे पाय ताठ झाले. वहिनीला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

गाडी थांबली. दोरी सुटली, दार उघडलं. बाहेर आई, दादा, आणि थोड्या अंतरावर धापा टाकत वहिनी. सगळे माझ्या मांडीकडे बघत होते. मी मान हलवली.

तेवढ्यात मांडीवर काहीतरी गरम पसरलं. साडी ओली झाली, ओघळ पायापर्यंत गेला. कोकरानं ताठलेले पाय झटकले, शिंकलं आणि माझं बोट तोंडात धरून ओढायला लागलं.

"मुतलं!" आई केवढ्यांदा तरी ओरडली. "मुतलं म्हंजी जगलं!"

दादा हसायला लागला आणि मग बांधाकडे तोंड करून डोळे पुसायला लागला. मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. बाकीची कोकरं टणाटण उड्या मारत उतरली. गाडीभर लेंड्या झाल्या होत्या. आईनं त्या झाडल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे थोड्या. आता आपल्या जनावराचा वास आला हिला."

त्या शेताच्या मालकानं हुरडा भाजला होता. मी ओल्या साडीनंच खाल्ला. इतका गोड हुरडा मी खाल्लेला नाही. हुरड्याची मूठ तोंडात टाकून वहिनी उठली, स्वतःच मागच्या दाराशी गेली आणि आईला म्हणाली, "आत्या, ती उशी कुठंय?"

परत

वहिनी पाय पसरून निजली. आई तिच्या उशाशी, मी पायथ्याशी. ते अशक्त कोकरूही बरोबर घेतलं, कारण वहिनीनं ते सोडलं नाही. भंडाऱ्यानं बुजलेला रेडिएटर टिकला. मामानं येताना एकदाही भोंगा वाजवला नाही, तरी न्हावऱ्याच्या हॉटेलसमोर माणसं उभी राहिलीच. वहिनीनं खिडकीतून तोंड काढलं आणि कोकरू ओरडलं. हॉटेलवाल्याच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "अहो, उठून बसलं की!" बाकड्यावरचा कुणीतरी किंचाळला. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

न्हावरं मागे पडल्यावर तीच बोरांची आजी त्या दिवशीही दारोदार बोरं विकून, रिकाम्या होत आलेल्या पाटीसह घराकडे चालताना दिसली. आईनं गाडी थांबवायला लावली.

"बसा की आजी."

"अगं, तू परत आलीस?" आजी म्हणाली. "आत कोण हाय ते आधी दाव."

मी दार उघडलं. आजीनं खाट पाहिली, वहिनीचं पोट पाहिलं, कोकरू पाहिलं. मग तिनं पाटी आत सरकवली.

"बसते. पर वस्तीच्या फाट्यावर उतरवा मला. शेवटपातूर नगं."

फाटा येईपर्यंत ती एका हातानं दार धरून बसली होती. उतरल्यावर तिनं उरलेली सगळी बोरं वहिनीच्या ओटीत घातली. मग सवयीनं तिचे हात गाडीला जोडले गेले. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं, ती स्वतःशीच हसली, आणि तेच जोडलेले हात सोडून तिनं वहिनीच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.